पाऊस नव्हे, पाणी!

आमच्या वऱ्हाडी कास्तकाराला उपदेश करण्याची हौस उरलेल्या महाराष्ट्राला फार जुनी आहे. एखादा पाहुणा पुण्याकडून किंवा नाशिककडून येतो, यवतमाळ-वणी रस्त्याने जाताना मोटारीच्या काचेतून अर्धा तास बाहेर पाहतो. लाल पडलेली पराटी, धुऱ्यावरची बाभूळ आणि पानठेल्यासमोर बसलेली चार माणसे एवढे त्याला दिसते. संध्याकाळी सभेत उभा राहून तो सांगतो, "तुमची जमीन आमच्याहून चांगली, तुमचा पाऊस आमच्याहून जास्त, उणीव आहे ती फक्त उद्यमशीलतेची. जरा नाशिककडे पाहा! तिथल्या शेतकऱ्याने माळरानावर द्राक्षे पिकवली, त्या द्राक्षांची वाइन केली. तुम्ही मात्र आजोबांनी पेरली म्हणून कपाशी पेरता आणि सरकारच्या नावाने खडे फोडता." सभा टाळ्या वाजवते. टाळ्या वाजवणाऱ्यांत कपाशी पेरणारेही असतात, हे विशेष.

मी एका खेड्यातला शाळामास्तर. अशा सभांना मुलांची रांग लावून नेण्याचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे हे भाषण मी निरनिराळ्या तोंडांतून पुष्कळदा ऐकले आहे. पूर्वी त्यात उसाचा दाखला असे, मग डाळिंबाचा आला, आता द्राक्षांचा आणि वाइनचा आहे. दाखला बदलतो, आरोप तोच राहतो. तो आरोप असा की, वऱ्हाडातला माणूस आपल्या आळसामुळे मरतो. सरकारदरबारी २००१ पासून नोंदलेल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्यांचा आकडा पाच हजारांच्या पुढे गेला आहे. पाच हजार माणसे आळसाने गळफास घेतात, असे मानायला मन फार निर्ढावलेले लागते. पण हे मानणारी माणसे निर्ढावलेली नाहीत, चांगली सुशिक्षित आहेत, म्हणून त्यांच्याशी वाद घालणे मला अगत्याचे वाटते.

वादाची रीत अशी की, प्रतिपक्षाचाच साक्षीदार आपण बोलवावा. त्यांनी द्राक्षवेलीची साक्ष काढली आहे ना? ठीक. मग वेलीला पुरतेच विचारू. आणि विचारायचेच तर निफाड-दिंडोरीच्या आधी जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा मुलखातल्या वेलीला विचारू.

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना देशाच्या पश्चिम टोकाला, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मेंडोझा नावाचा प्रांत आहे. तिथे वर्षाकाठी साधारण दोनशे-सव्वादोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या यवतमाळात नऊशेच्या आसपास पडतो. म्हणजे आमच्या एका पावसात त्यांचे चार पावसाळे बसतील. मुलूख वाळवंटी, खुरट्या झुडपांचा. असे असूनही अर्जेंटिनाच्या एकूण वाइनपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक वाइन या एका प्रांतातून येते. माल्बेक नावाच्या काळ्या द्राक्षाने या गावाचे नाव जगभर नेले. हे कसे घडले? तिथले शेतकरी आमच्या शेतकऱ्यापेक्षा चौपट उद्योगी आहेत म्हणून?

नाही. तिथे पाऊस नाही, पण पाणी आहे. अँडीजवरचे बर्फ वितळते आणि मेंडोझा, तुनुयान, दियामांते, अतुएल या नद्यांतून खाली उतरते. ते अडवून पाटाने नेण्याची विद्या तिथल्या मूळच्या हुआर्पे लोकांना स्पॅनिश माणूस तिथे पोचण्यापूर्वीच अवगत होती. पुढे १८८४ साली त्या प्रांताने पाण्याचा कायदा केला. त्या कायद्याचे मर्म आमच्या शाळेतल्या सातवीच्या पोराला समजेल इतके सोपे आहे. ज्या जमिनीला पाण्याचा हक्क मिळाला, त्या जमिनीशी तो हक्क कायमचा बांधलेला. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाते. पाणी तेवढे सोडवून दुसऱ्याला विकता येत नाही. कालव्याची देखरेख करणारा माणूस त्या कालव्यावरच्या खातेदारांनी निवडून दिलेला असतो. आपली पाळी कधी, किती वेळ, हे प्रत्येकाला ठाऊक. मेंडोझा शहरातसुद्धा रस्त्यांच्या कडेने उघडे पाट वाहतात आणि त्यांवर शहरातली झाडे जगतात. प्रांताच्या एकूण भूमीपैकी ओलिताखाली आलेला भाग शेकडा चार-पाचांपेक्षा जास्त नाही. बाकी वाळवंट जसेच्या तसे आहे. पण त्या चिमूटभर जमिनीवर हक्काचे पाणी ठरल्या वेळी पोचते, आणि एवढ्याने एक अख्खा प्रांत उभा राहिला आहे.

द्राक्षवेलीच्या जाणकारांना विचारा, ते आणखी एक गोष्ट सांगतील. वाइनच्या द्राक्षाला पाऊस नसणे ही अडचण नसून सोय आहे. ऐन पक्वतेच्या वेळी पाऊस आला तर मणी तडकतात. हवा दमट राहिली तर केवडा आणि भुरी पिकाचा फडशा पाडतात. कोरड्या मुलखात हे भय कमी, आणि पाणी किती व केव्हा द्यायचे ते माणसाच्या हाती. वेलीला किंचित तहानलेली ठेवली तर रस दाट उतरतो. म्हणजे शेती यशस्वी होते ती आभाळातून किती पडले यावर नव्हे; पिकाला हवे त्या दिवशी, हवे तेवढे पाणी देण्याची सत्ता कोणाच्या हाती आहे यावर. पाऊस ही देवाची मर्जी आहे, पाणी ही माणसांची व्यवस्था आहे. आमचे उपदेशक या दोहोंत घोटाळा करतात. मला वाटते, पुष्कळदा तो जाणूनबुजून करतात.

आता घराजवळ येऊ. आपल्याकडे द्राक्षाचे नाव जुने आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेला आला होता. तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची आठवण त्याने लिहून ठेवली आहे. सोलापूर जिल्ह्यातले नान्नज हे गाव माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यासाठी प्रसिद्ध. माळढोक राहतो म्हणजे तो मुलूख कसला कोरडा गवताळ असेल, हे सांगायला नको. त्याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' ही लांबट मण्यांची जात निवडून काढली. सांगली जिल्ह्यातल्या तासगावचा बेदाणा सर्वांना ठाऊक आहे. तोही अवर्षणाचाच पट्टा. दुष्काळी सालात तिथल्या बागाइतदारांनी टँकरने पाणी विकत आणून बागा जगवल्या. या माणसांच्या कर्तृत्वाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग विरळणी, थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या, अवकाळीची धास्ती, औषधांचा खर्च. द्राक्षबाग म्हणजे घरातले आजारी मूलच. ज्याने ते वाढवले, त्याला कोणी कमी लेखू नये.

परंतु ते वाढवायला त्याच्याजवळ काय काय होते, याची यादीही पुरती वाचावी. नाशिकच्या माथ्यावर गोदावरीचे गंगापूर धरण आहे, वाघाड आहे, पालखेड आहे. इंग्रजी अमदानीपासूनचा नांदूर-मधमेश्वरचा बंधारा आहे. वाघाडच्या कालव्यावर ओझरला १९९०-९१ च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पाण्याचा हिशेब शेतकऱ्यांच्या हाती आणला. द्राक्ष बागाइतदारांचा राज्यसंघ १९६० च्या आसपासचा. निर्यातीसाठी 'महाग्रेप्स' १९९१ चे. द्राक्षाच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९९७ पासून पुण्याजवळ मांजरीला. मुंबईची बाजारपेठ एका रात्रीच्या ट्रकच्या अंतरावर. या साऱ्या गोष्टी वजा करा आणि मग सांगा की उरलेला फरक उद्यमशीलतेचा आहे.

वाइनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण जाहीर केले. वाइनवरचे उत्पादनशुल्क माफ झाले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइनच्या औद्योगिक वसाहती आखल्या गेल्या. पुढे विक्रीवर जो २० टक्के कर घेतला जाई, त्यातले १६ टक्के कारखानदाराला परत देण्याची योजना आली. मधल्या खंडानंतर २०२४ साली ती पुन्हा चालू झाली. परदेशी वाइन स्वस्तात येऊन इथल्या वाइनला मारू नये म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षे दीडशे टक्के आयातशुल्क होते. याला मी वाईट म्हणत नाही. बाल्यावस्थेतल्या धंद्याला सरकारने हात द्यावा, हे योग्यच आहे. पण मग तोच न्याय कापसाला लावा की!

कापसाचा न्याय कसा झाला तो पाहा. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार खरेदी योजना या शतकाच्या आरंभी मोडीत निघाली. तिच्यात दोष होते, हे कोण नाकारतो? चुकारे रखडत, प्रतवारीत ग्रेडर हात मारत. पण घर गळते म्हणून कोणी कौले शाकारतो, कोणी घरच पाडतो. आमचे घर पाडले. आणि २०२५ च्या ऑगस्टात, शेतात पराटीला पाते-फुले लागली असताना, केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. आमचा कापूस बाजारात येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे ज्या दाराने आमच्या बंड्या बाहेर निघायच्या, नेमक्या त्याच दाराने परदेशची गाठोडी आत घेतली गेली. एका पिकाला दीडशे टक्क्यांची भिंत आणि दुसऱ्याला अकरा टक्क्यांचे कुंपणही नाही; आणि वर दुसऱ्यालाच विचारायचे की बाबा रे, तू पहिल्यासारखा पुढे का येत नाहीस?

कुणी म्हणेल, सरकारला वऱ्हाडात कामे करताच येत नाहीत, तिथली भूमीच अवघड. हेही खोटे आहे. साहेबाला मँचेस्टरसाठी कापूस हवा होता तेव्हा १९०३ साली मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची रेल्वे आली. किलिक निक्सन कंपनीची ती गाडी पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली गेली. कापूस न्यायचा होता तेव्हा रूळ आले. कापूस पिकवणाऱ्याला पाणी द्यायचे आहे तर पिढ्या उलटतात. शकुंतलाही आता बंद पडली आहे. तिचे रूळ गवतात दिसतात.

आमच्या जिल्ह्याला नद्या कमी नाहीत. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा. मध्ये बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस. धरणेही आहेत. बाभुळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पाला मान्यता मिळून तीन दशके उलटली. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यात सिंचनाचा मोठा वाटा होता. पॅकेज आले, संपले. निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ साली मंजुरी मिळाली; पाणी अजून कागदावरच आहे. आणि २०१८ च्या उन्हाळ्यात खुद्द यवतमाळ शहराची काय दशा झाली? निळोणा आणि चापडोह ही शहराची दोन्ही धरणे आटली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी माणसे पिण्याच्या पाण्यासाठी रात्रंदिवस भांडी घेऊन हिंडली. नऊशे मिलिमीटरच्या गावात ही गत! वाळवंटातल्या मेंडोझात रस्त्याकडेच्या झाडाला पाटाचे पाणी मिळते आणि यवतमाळात माणसाला टँकरची वाट पाहावी लागते. यात आळस कोणाचा?

पैसा खर्च झाला नाही असेही नाही. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून गदारोळ झाला तो याच गोष्टीमुळे: हजारो कोटी रुपये ओतूनही दहा वर्षांत ओलिताच्या क्षेत्राचा वाटा जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे तिच्यातून दिसले. मग २०१२ च्या नोव्हेंबरात श्वेतपत्रिका निघाली, चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला. त्याआधी कितीतरी वर्षे, १९८४ साली, वि. म. दांडेकरांच्या समितीने विदर्भाचा अनुशेष मोजून दिलाच होता. त्या समितीने निरनिराळ्या पिकांचे ओलीत एका मापात आणण्यासाठी रब्बी ज्वारीचे परिमाण वापरले. मला या गोष्टीचे नेहमी वाईट वाटते. आमची तहान ज्वारीच्या मापाने मोजली गेली, तिचा अहवाल छापला गेला, तो ग्रंथालयात ठेवला गेला. ज्वारी मात्र उगवली नाही.

आणि जे पाणी धरणात साठले, ते तरी कोणाचे? २००५ साली महाराष्ट्राने दोन कायदे केले. एकाने जलसंपत्तीचे नियमन करणारे प्राधिकरण आले, दुसऱ्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना कालव्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. वाचायला दोन्ही कायदे मेंडोझाच्या कायद्याची धाकटी भावंडे शोभतील. पण शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ऊर्ध्व वर्धा धरणाच्या पाण्याचा वाटा औष्णिक वीजप्रकल्पाला देण्याचे ठरले तेव्हा शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. लोक रस्त्यावर उतरले. पुढे २०११ मध्ये कायदाच दुरुस्त करून पाण्याच्या वाटपाची चावी मंत्रिमंडळाकडे नेण्यात आली. जो हक्क वरून बदलता येतो त्याला हक्क म्हणत नाहीत, मेहेरबानी म्हणतात.

माझ्या परिचयाच्या एका वितरिकेची हकीगत सांगतो. कालव्याच्या शेपटाकडची ती गावे. कागदावर त्यांची जमीन 'लाभक्षेत्र' आहे. तसा शिक्काच बसलेला आहे. पाटचारी खोदली त्याला इतकी वर्षे झाली की तिच्यात आता पळस वाढले आहेत आणि माझ्या शाळेतली पोरे तिच्यातून सावलीसावलीने घरी जातात. भूगोलाच्या तासाला मी 'कालवा' शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारले, कालवा कशाला म्हणतात? पुढच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, ज्याच्यातून आपण शाळेत येतो तो." वर्ग हसला नाही, उत्तर सगळ्यांना बरोबरच वाटले. परीक्षेत या उत्तराला मी गुण द्यावे की देऊ नयेत, हे मला अजून कळलेले नाही.

आता प्रतिपक्षाच्या आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप नीतीचा. वाइनचे नाव काढले की काही सज्जन कानावर हात ठेवतात. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय केला, तेव्हा मोठे वादळ उठले. एक बाजू म्हणाली, वाइन म्हणजे दारू नव्हे, तो शेतकऱ्याचा माल आहे. दुसरी म्हणाली, महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होत आहे. अण्णा हजारे यांनी उपोषणाची घोषणा केली आणि नंतर ते स्थगित केले. सरकार बदलले, निर्णय अंमलात आलाच नाही. मला या वादातल्या दोन्ही बाजूंचा शब्दच्छल अप्रामाणिक वाटला. वाइनमध्ये मद्यार्क आहे, म्हणून ती दारू आहे. उगाच शब्दांशी खेळू नये. आमच्या जिल्ह्यात बायाबापड्या दारूबंदीसाठी मोर्चे काढतात. वर्धा नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, आणि त्या बायांना ज्या घरात दारूने भाकरी हिरावली आहे त्या घरात राहावे लागते. त्यांच्यापुढे वाइनच्या सुसंस्कृतपणाचे गोडवे गाणे मला शोभणार नाही. पण त्याच बायांच्या कोलाम-गोंड शेजारणी उन्हाळ्याच्या पहाटे मोहफुले वेचतात, आणि त्या फुलांच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर २०२१ पर्यंत कायद्याचा दंडुका होता. द्राक्ष आंबले तर तो प्रक्रिया-उद्योग, त्याला करमाफी. मोह आंबला तर तो गुन्हा, त्याला पोलीस. मी मोहाच्या दारूची तरफदारी करीत नाही. फळाच्या मालकाची ऐपत पाहून नीतीचे नियम ठरू नयेत, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. "मग लावा ना तुम्हीही द्राक्षे! कोण अडवतो?" याला उत्तर असे की, भूमी अडवते. आमच्या खोल काळ्या जमिनीत पावसाळाभर पाणी धरून राहते आणि वेलीला पाय ओले ठेवलेले सोसत नाही. शिवाय वाइनच्या द्राक्षाचा धंदा दिसतो तितका गोड नाही. ती द्राक्षे बारीक, बियांची. बाजारात खायला म्हणून कोणी घेत नाही. कारखाना हेच एक गिऱ्हाईक. २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घसरली, एक मोठा कारखाना डबघाईला आला, आणि नाशिक-पुणे भागातल्या कित्येक शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या वेली उपटून फेकल्या. तेव्हा त्यांना कोणी आळशी म्हटले नाही, आणि म्हणायलाही नको होते. एकाच गिऱ्हाइकाच्या दयेवर पीक सोडले की काय होते, हे कापूसवाल्याला त्यांच्याहून अधिक ठाऊक आहे. म्हणून माझे मागणे द्राक्षांचे नाही. द्राक्षांना जे मिळाले ते कपाशीला, तुरीला, ज्वारीला मिळावे, हे माझे मागणे आहे.

आणि त्यासाठी काही फार लागत नाही. पेरणी झाल्यावर जुलैत पावसाने पंधरा दिवस खंड दिला तर एक ओलीत, आणि ऑक्टोबरात बोंडे भरताना दुसरे. या दोन पाण्यांवर एखाद्या घराचे वर्ष उभे राहते किंवा कोसळते. उसाच्या तहानेपुढे हे आचमन आहे. जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर कपाशी उभी असते. त्यातली बहुतेक या दोन आचमनांची वाट पाहत उभी असते. विहीर आहे त्याला वीज नाही. वीज येते ती रात्री, आणि रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्याला साप-विंचवाची सोबत.

तिसरा आक्षेप चारित्र्याचा. लग्नात उधळतात, सावकाराकडून काढतात, व्यसने करतात. करतात काही जण. नाशिकात करीत नाहीत काय? पुण्यात? ओलिताच्या मुलखातल्या माणसाने लग्नात उधळले तर त्याला हौस म्हणतात. कोरडवाहूतल्याने लेकीच्या पाठवणीला गाव जेवू घातले तर ते आत्महत्येचे कारण म्हणून पंचनाम्यात लिहितात. १९ मार्च १९८६ रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायकामुलांसह जीवन संपवले. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही दर १९ मार्चला कितीतरी लोक अन्नत्याग करतात. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात पिकावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसे गेली. फवारा पाठीवर घेऊन डोक्याइतक्या उंच पराटीत उन्हातान्हात दिवसभर चालणारा माणूस आळशी असेल, तर मराठी शब्दकोशात त्या शब्दाचा अर्थ बदलून घ्यावा लागेल.

मेंडोझाच्या साक्षीदाराची उलटतपासणीही मला केली पाहिजे, नाहीतर मीही त्या सभेतल्या पाहुण्यासारखाच अर्धे पाहून बोललो असे होईल. त्या प्रांताच्या खालच्या अंगाला ग्वानाकाचे नावाची तळी होती. हुआर्पे लोक तिथे होड्या घालून मासे धरीत. वरच्या अंगाला बागा वाढल्या, नद्यांचे पाणी वरच्यावर संपू लागले आणि तळी कोरडी पडली. ज्यांनी कालव्याची विद्या दिली त्यांचेच वंशज शेपटाकडे तहानलेले राहिले. चांगल्या कायद्यालाही शेपूट असते, आणि शेपटाकडे कोण राहतो हे पाहिल्याशिवाय कायद्याला चांगला म्हणू नये. आमच्या निम्न पैनगंगेच्या बुडीत क्षेत्रातली गावे धरणाला विरोध करतात, त्यांना म्हणूनच मी विकासाचे वैरी म्हणणार नाही. एकाचे घर बुडवून दुसऱ्याचे वावर भिजवायचे असेल तर आधी बुडणाऱ्याशी बोलावे. पण जी धरणे बांधून झाली आहेत, ज्यांच्यासाठी गावे आधीच उठली आहेत, त्यांचे पाणी तरी शेवटच्या वावरापर्यंत न्यायला कोणाची आडकाठी आहे?

तेव्हा उपदेशकांना माझे सांगणे इतकेच. या, पाहुणे या. आमच्या सभेत जरूर बोला. मुले रांगेने आणून बसवण्याचे काम मी करीन. पण भाषणात द्राक्षांचे नाव काढाल तर पुरते काढा. बांधून झालेल्या धरणांच्या वितरिका आणि पाटचाऱ्या पुऱ्या कधी होणार, त्याची तारीख सांगा. २००५ च्या कायद्याप्रमाणे कालवे शेतकऱ्यांच्या संस्थांच्या ताब्यात देणार का, ते सांगा. पाण्याचा वाटा सातबाऱ्यावर जमिनीइतकाच पक्का लिहिणार का, आणि तो कोणत्याही समितीला रात्रीतून खोडता येणार नाही अशी तजवीज करणार का, ते सांगा. पिकाला दिवसाची वीज आणि कापसाला बाजारात येण्याच्या वेळी आयातशुल्काचे कुंपण मिळेल का, ते सांगा. या चार प्रश्नांची उत्तरे दिल्यावर पाचव्या मुद्द्यात आमच्या आळसाची चर्चा खुशाल करा. आम्ही ऐकून घेऊ.

मेंडोझाच्या वेलीने साक्ष दिली आहे. तिच्या मते दोनशे मिलिमीटर पावसात माणूस सुखाने जगू शकतो. आता नऊशे मिलिमीटर पावसात तो का मरतो, याचे उत्तर ज्यांच्या हाती चाव्या आहेत त्यांनी द्यावे.